चौदा दिवसांचे पीठ

"डॉक्टरसाहेब, सुई द्या. उद्या वेचणीला जायचंय."

कापूस फुटला की कुंभार पिंपळगावच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. गेल्या हंगामात एक बाई अशाच आल्या. अंगात १०२ ताप, डोळे लाल, सांधे ठणकत होते. तपासले तेव्हा साधा विषाणूजन्य ताप निघाला. म्हटले, "मावशी, सुईची गरज नाही. तापाची गोळी घ्या, भरपूर पाणी प्या आणि तीन दिवस घरी पडून राहा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गोळी घेते. पाणी बी पेते. पडून राहायचं तेवढं सांगू नका."

वाचकहो, हे उत्तर मी वैद्यकीय व्यवसाय सुरू केल्यापासून ऐकत आलो आहे. पूर्वी मला त्याचा राग येत असे. वाटायचे, या लोकांना स्वतःच्या प्रकृतीची पर्वा नाही. अडाणीपणा आहे, दुसरे काय! हा माझा समज कोरोनाच्या साथीने पार मोडून काढला. ती साथ येऊन आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मास्क खुंटीला गेले, आकडे विसरले गेले. पण त्या साथीने हातावर पोट असणाऱ्यांचे काय केले आणि त्यातून आरोग्याच्या दृष्टीने आपण काय शिकायचे, याचा हिशोब अजून नीट मांडला गेलेला नाही. आजच्या लेखात तो थोडासा मांडण्याचा प्रयत्न आहे.

पाडव्याला बंद झालेला बाजार

२२ मार्च २०२० रोजी रविवारी जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. २५ मार्चला गुढीपाडवा होता. सुरुवातीला २१ दिवसांची असलेली टाळेबंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली, म्हणजे एकूण ६८ दिवस.

हे ६८ दिवस कोणते होते ते पाहा. पाडव्यापासून मृगापर्यंतचा हा काळ आपल्याकडे लहान धंद्यांच्या कमाईचा असतो. लग्नसराई असते. मंडपवाले, बँडवाले, आचारी, वाढपी, बांगड्या भरणारे कासार, शिलाईवाले या सर्वांची वर्षाची बेगमी याच दोन महिन्यांत होते. रसवंती, कुल्फीची गाडी, टरबुजाची हातगाडी यांचाही हाच हंगाम. पावसाळ्याआधी घरे उरकायची म्हणून गवंडी आणि बिगारी यांना उसंत नसते. मोसंबीच्या बागांत तोडणीची, गाडी भरण्याची कामे असतात. आठवडी बाजारात जमिनीवर पोते अंथरून लसूण-मिरची विकणाऱ्या बाईलाही चार पैसे जास्त मिळतात. हे सगळे एका रात्रीत थांबले.

शेतीला आणि भाजीपाल्याला परवानगी होती हे खरे. पण गिऱ्हाईकच घराबाहेर पडत नसेल तर परवानगीचे काय करायचे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एप्रिल २०२० मध्येच इशारा दिला होता की, भारतातील असंघटित क्षेत्रातले सुमारे ४० कोटी कामगार या संकटामुळे आणखी गरिबीत ढकलले जाण्याचा धोका आहे. चाळीस कोटी हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मी पाहिलेले एकच घर सांगतो.

आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. माझ्याकडे नेहमी येणारे परिसरातील एक वयस्कर कुंभार आहेत. मार्च महिन्यात त्यांचा आवा उतरला होता. माठ, रांजण आणि अक्षय तृतीयेला पूर्वजांच्या नावाने पाणी भरून ठेवतात ते मातीचे करे, असा सगळा माल दारात रचून ठेवलेला. त्या वर्षी अक्षय तृतीया २६ एप्रिलला होती. बाजार भरला नाही, माल दारातच राहिला. मे महिन्यात ते रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले तेव्हा म्हणाले, "साहेब, बाजार बंद तो बंदच. पण गावातलं गिऱ्हाईक बी माठ घेईना. म्हणत्यात, थंड पाण्यानं कोरोना होतो, डॉक्टरनंच सांगितलंय."

तो डॉक्टर मीच होतो. मार्च-एप्रिलमध्ये जो येईल त्याला मी सवयीने सांगत होतो, "कोमट पाणी प्या, थंड टाळा." घसा दुखत असेल तर कोमट पाण्याने बरे वाटते, एवढाच त्याचा अर्थ. माठातल्या पाण्याने कोरोना होतो याला काहीही आधार नव्हता. पण डॉक्टरच्या तोंडून निघालेला शब्द गावात फिरता फिरता मोठा होतो, आणि माझ्या त्या सहज बोलण्याने एका माणसाचा हंगाम आणखी बुडाला. मी दोन माठ विकत घेतले, एक दवाखान्याच्या दारात ठेवला आणि येणाऱ्याला त्यातलेच पाणी देऊ लागलो. पण तोवर मे संपत आला होता.

रुळावरून निघालेली माणसे

आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी जसा ओळखला जातो तसाच लोखंडी सळयांसाठीही. या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातील हजारो कामगार काम करतात. टाळेबंदीत भट्ट्या थंडावल्या. मजुरी थांबली, पण खोलीभाडे आणि भूक थांबली नाही.

७ मे २०२० रोजी संध्याकाळी मध्य प्रदेशातील वीस कामगार जालन्याहून पायी निघाले. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या होत्या. पुढे गेल्यावर आपल्या गावाकडची गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. सुरुवातीला सडकेने चालून पुढे त्यांनी रेल्वेचा रूळ धरला. रात्रभर चालून ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ पोहोचले. थकून रुळावरच बसले आणि तिथेच झोप लागली. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटत होते. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. त्यांच्याजवळच्या भाकरी-पोळ्या रुळावर विखुरलेल्या होत्या, ते छायाचित्र अनेकांनी वर्तमानपत्रांत पाहिले असेल.

एक डॉक्टर म्हणून मला तेव्हापासून एक प्रश्न पडतो. दगडी खडीवर, लोखंडी रुळाला टेकून माणसाला एवढी गाढ झोप कशी लागते की येणाऱ्या गाडीचा आवाजही ऐकू येऊ नये? याचे उत्तर सोपे आहे. अर्धपोटी माणूस मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर पस्तीस-चाळीस किलोमीटर चालला की शरीरातील पाणी आणि साखर कमी होते. मग लागते ती साधी झोप नसते, ती जवळजवळ ग्लानी असते. त्या सोळा जणांचा मृत्यू कोरोनाने झाला नाही. कोरोनाच्या मृत्यूंच्या कोणत्याही यादीत त्यांची नोंद नाही. तरीही ते साथीचेच बळी होते.

त्या वेळी राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे हे तेव्हा आमच्याच घनसावंगी मतदारसंघाचे आमदार होते. त्यामुळे रोजची आकडेवारी आमच्याकडे जरा जास्तच कान देऊन ऐकली जायची. बाधित किती, बरे झालेले किती, मृत किती. बुडालेल्या मजुरीचा रकाना मात्र कोणत्याच तक्त्यात नव्हता. तो नसतोच.

कोयता घेऊन गेलेले

परप्रांतीय मजुरांबद्दल पुष्कळ बोलले गेले. पण आपलीही माणसे परमुलखात अडकली होती. दिवाळीनंतर आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. मार्च २०२० मध्ये या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडात होत्या. गाळप चालू असल्याने सगळा देश घरात बसलेला असताना यांचे हात मात्र चालूच होते. शेजारच्या गावात किराणा आणायला गेले तर लोक येऊ देईनात. पट्टा पडल्यावर परतायला वाहन नाही, आणि जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस.

राज्यात असे सव्वा लाखांहून अधिक ऊसतोड कामगार अडकले होते. अखेर १७ एप्रिल २०२० रोजी तपासणी करून त्यांना गावी सोडण्याचा निर्णय शासनाने घेतला. ती माणसे आली, पण गावाच्या वेशीबाहेरच थांबली. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी शेतातल्या आखाड्यावर. मी तिथे तपासायला गेलो तेव्हा कोरोनाचा रुग्ण एकही सापडला नाही. सापडले ते दुसरेच. एका बाईला सातवा महिना, पाय सुजलेले, रक्त कमी, आणि तीन महिन्यांत एकदाही तपासणी नाही. एका गड्याच्या पायाला कोयता लागून झालेली जखम चिघळलेली. दोन लेकरांचे लसीकरण चुकलेले. साथीच्या भीतीने सगळ्यांचे लक्ष एका रोगाकडे लागले होते आणि बाकीचे रोग मुकाट्याने वाढत होते.

चौदा दिवस

आता जे सांगायचे आहे त्यात माझी चूक आहे.

एप्रिल २०२१. दुसरी लाट ऐन भरात होती. दवाखान्याबाहेर चाळीस-पन्नास माणसे उभी असत. त्यात एक पस्तिशीचा बिगारी आला. तीन दिवसांपासून ताप, कोरडा खोकला. ऑक्सिजन ९६ होता, म्हणजे प्रकृती तशी ठीक. पत्र्याच्या दोन खोल्यांत बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. मी चिठ्ठीवर लिहिले, "कोरोना चाचणी. चौदा दिवस घरी. वेगळ्या खोलीत राहणे." दोन मिनिटे बोललो असेन. त्याने मान हलवली आणि गेला.

त्याने चाचणी केली नाही. दुसरीकडून सलाईन लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्लॅबच्या कामावर गेला. आठ-दहा दिवसांनी त्याच्या आईला दम लागला. माझ्याकडे आणली तेव्हा ऑक्सिजन ८० च्या खाली होता. जिल्ह्याच्या ठिकाणी खाट मिळेपर्यंत रात्र झाली, आणि त्या रात्रीच म्हातारी गेली. तिची चाचणीसुद्धा झाली नव्हती.

तिला हा आजार मुलापासूनच झाला असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत तो कुठूनही होऊ शकत होता. पण माझ्या मनात राग होता. दोन-तीन महिन्यांनी तो हाताच्या जखमेला पट्टी बांधायला आला तेव्हा मी बोललोच, "अरे, तेव्हा सांगितलेली चाचणी का केली नाहीस?"

तो खाली पाहत म्हणाला, "साहेब, तुम्ही चौदा दिवस लिहून दिले. घरात पीठ चार दिवसांचं होतं. रिपोर्ट आला असता तर कुणी कामावर घेतलं नसतं. मग बाकीच्या दहा दिवसांचं पीठ कुणी लिहून दिलं असतं?"

मी काही न बोलता पट्टी बांधली. काय बोलणार? औषधाचा डोस रुग्णाचे वजन पाहून ठरवावा हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. विश्रांतीचा डोस त्याच्या घरातील डबा पाहून ठरवावा, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

माणूस आजार का लपवतो?

एखाद्या कारखान्यातील कामगाराची राज्य विमा योजनेत नोंद असेल तर आजारपणात त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ही सोय १९४८ च्या कायद्याने आली. सरकारी नोकराला वैद्यकीय रजा आहे. म्हणून तो चिठ्ठी घेऊन निवांत घरी बसू शकतो. बिगारी, हमाल, हातगाडीवाला, शेतमजूर यांना यातले काहीच नाही. त्यांच्या दृष्टीने आजाराचे निदान म्हणजे मजुरी बंद होण्याची नोटीस. मग माणूस निदानच टाळतो. ताप गोळीने दाबतो आणि कामावर जातो. तिथे चार जणांना आजार देतो. म्हणजे ज्याची मजुरी बुडते त्याचाच प्रश्न तेवढा राहत नाही. लपवलेला आजार सगळ्या गावाचा होतो.

मार्च २०२० मध्ये राज्याने साथरोग नियंत्रणासाठी जो कायदा लागू केला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्यात बंद करण्याचे अधिकार आहेत. बंद केल्यावर माणसाने काय खावे याचे कलम त्यात नाही.

त्यानंतर १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडे जुनी माणसे त्याला मानमोडीची साथ म्हणत. देशात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली असे मानतात. तेव्हाच्या मुंबईच्या नोंदी फार बोलक्या आहेत. युरोपीय लोकांत हजारी सुमारे ८ मृत्यू झाले, तर ज्यांना त्या काळी खालच्या जातीचे म्हणत त्या कष्टकरी हिंदूंमध्ये हजारी ६१. विषाणू एकच होता. फरक होता तो दाटीच्या खोल्यांचा, अर्धपोटी शरीराचा आणि आजारातही अंथरूण धरण्याची सोय नसण्याचा.

हेही सांगायला हवे की २०२० मध्ये मदत अजिबात मिळाली नाही असे नाही. एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आली आणि २०२१ च्या निर्बंधांत मोफतही झाली. नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना २०२० मध्ये आधी २ हजार आणि नंतर ३ हजार रुपये मिळाले. रेशनच्या धान्याने पुष्कळ घरे तगली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण "नोंदणी असलेल्या" हे शब्द नीट वाचा. माझ्याकडे आलेल्या त्या बिगाऱ्याची नोंदणी नव्हती. करायची असते हेच त्याला माहीत नव्हते.

साथ ओसरल्यावर

मजुरी बुडाल्याचे परिणाम पुढे दोन-तीन वर्षे माझ्या टेबलावर येत राहिले. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागले होते, कारण महिन्याची पट्टी दोन महिने पुरवायची होती. त्यातले दोघे पुढे अर्धांगवायू होऊनच आले. सावकाराचे कर्ज, हातउसने, गहाण टाकलेली डोरली यांच्यामुळे झोप न लागणारे किती तरी. शाळा बंद, हातात पैसा नाही, आणि थोडक्यात लग्न उरकते म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुली बोहल्यावर चढल्या. त्यांतल्या काही जणी वर्षभरात रक्तक्षय घेऊन, दिवस गेलेल्या अवस्थेत माझ्याकडे आल्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कोरोनाने मरण पावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांची मदत ठरली. त्या बिगाऱ्याच्या आईची चाचणी झालेली नव्हती, कागद नव्हता. दाद मागण्यासाठी जिल्ह्याला समिती होती, पण तिथे खेटे घालायचे म्हणजे पुन्हा मजुरी बुडवायची. त्याने अर्जच केला नाही.

मग काय करावे?

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली. घरी राहण्याचे दिवस कमी होऊन सातवर आले होते. त्या वेळी मी प्रत्येक रुग्णाला ताप किती दिवसांचा हे विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारत असे, "घरात पीठ किती दिवसांचं आहे?" ज्यांचे उत्तर दोन-तीन दिवस असे, त्यांच्यासाठी गावातील एक किराणा दुकानदार, दोन शिक्षक आणि मी मिळून आठवड्याचा शिधा पोहोचवण्याची व्यवस्था केली. जेमतेम आठ-दहा घरे असतील. खर्च एका लग्नाच्या आहेराएवढाही आला नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की लोक आपण होऊन खोकला सांगायला येऊ लागले. साथ रोखण्यासाठी याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

कोरोना असो, फ्लू असो की उद्याची आणखी कोणती साथ असो, पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. एकाच खोलीचे घर असले तरी रुग्णाला वेगळे ठेवता येते. रुग्णाने ओसरीवर, गच्चीवर किंवा आखाड्यावर झोपावे. तेही नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवून खोलीच्या एका टोकाला, उशा विरुद्ध दिशेला करून झोपावे. तोंडाला रुमाल किंवा मास्क ठेवावा. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले शेजाऱ्यांकडे झोपवता आली तर उत्तम.

२. ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, दम लागला, छातीत दुखले, बोलताना अडखळू लागले, लघवी कमी झाली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर मजुरीचा विचार न करता तत्काळ दवाखाना गाठावा. एका दिवसाची मजुरी वाचवताना महिन्याची जाते.

३. अंगात ताप असताना सलाईन किंवा सुई घेऊन कामावर जाऊ नये. त्याने ताप तात्पुरता उतरतो, आजार उतरत नाही.

४. क्षयरोग, रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांच्या गोळ्या साथीतही बंद करू नयेत. पैसे नसतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्याही तिथे मिळतात.

५. कागद आधी तयार ठेवावेत, आजारपणात ते होत नाहीत. रेशनकार्डावर घरातील सर्वांची नावे, चालू असलेले बँक खाते, ई-श्रम नोंदणी, आयुष्मान कार्ड. बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी आणि तिचे वेळेवर नूतनीकरण करावे.

६. ग्रामपंचायतीने गावातील ज्या घरांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यांची यादी तयार ठेवावी. साथ आली की फवारणीचा पंप बाहेर काढतो, तशी ही यादीही बाहेर काढावी.

शेवटची सूचना मालकांसाठी आहे, आणि ती मी स्वतःपासून सुरू करतो. मार्च २०२० मध्ये मीही घाबरून दहा दिवस दवाखाना बंद ठेवला होता. कंपाउंडरचा पगार ठरलेल्या तारखेला दिला. दवाखाना झाडणाऱ्या मावशींचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. एप्रिलच्या मध्यावर माझी पत्नी म्हणाली, "मावशींना काही पाठवलंत का?" तेव्हा मी वरमलो. संपूर्ण देशातील मजुरांबद्दल हळहळणाऱ्या मला माझ्याच दारातली मजूर दिसली नव्हती. वाचकहो, तुमच्याही घरी कोणी धुणी-भांडी करायला येत असेल, शेतावर सालगडी असेल, दुकानात पोरगा असेल. तो आजारी पडला तर तीन दिवसांची मजुरी कापू नका आणि त्याची जागा दुसऱ्याला देऊ नका. यात उपकार काही नाही. तो ताप घेऊन कामावर आला तर पहिला आजारी तुम्हीच पडाल.

आता सुरुवातीच्या त्या बाईंबद्दल. त्यांना मी विचारले, वेचणी कोणाच्या शेतात आहे? नाव ओळखीचे निघाले, माझेच रुग्ण. तिथूनच त्यांना फोन लावला. म्हटले, "बाईंना ताप आहे. तीन दिवस त्यांची जागा धरून ठेवा, नाहीतर तुमची सगळी टोळी आजारी पडेल आणि कापूस झाडालाच राहील." ते म्हणाले, "ठेवतो ना साहेब, त्यात काय!" बाईंच्या तीन दिवसांच्या शिध्याचे विचारले, तर त्या म्हणाल्या, "तेवढं हाय घरात."

चौथ्या दिवशी त्या वेचणीला गेल्या. सुई दिली नव्हती.

(पुढील आठवड्यात : थंडीतील दमा आणि घ्यावयाची काळजी)